उचंत खात्यातील कार्बन

युरियाची गोणी, खाण्याचा सोडा आणि ॲस्पिरिनची गोळी या तीन वस्तूंमध्ये काही समान असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु तिन्हींच्या घडणीत कार्बन डायऑक्साइड, म्हणजे आमच्या पिढीने शाळेत ज्याला कर्बवायू म्हणून ओळखले तो वायू, कच्चा माल म्हणून वापरला जातो. कोल्बे या जर्मन रसायनज्ञाने फिनॉलच्या क्षाराशी या वायूचा संयोग घडवून सॅलिसिलिक आम्ल बनविले, ती गोष्ट १८६० च्या सुमाराची. श्मिट याने १८८५ मध्ये ती कृती सुधारली आणि पुढे त्याच आम्लापासून ॲस्पिरिन झाले. सॉल्व्हे पद्धतीने सोडा तयार करताना चुनखडी भाजून हाच वायू मिळवितात. अमोनिया आणि कर्बवायू यांच्यापासून युरिया बनविण्याची बॉश आणि मायझर यांची कृती १९२२ मध्ये कारखान्यात उतरली. तेव्हा धुराड्यातून जाणाऱ्या वायूपासून उपयोगी रसायने करणे, ही आज मोठ्या नवलाने सांगितली जाणारी गोष्ट मुळात नवी नाही. नवी आहे ती तिच्याकडून केली जाणारी अपेक्षा. शंभर वर्षे रसायनउद्योगाने हा वायू वापरला तो माल हवा होता म्हणून. आता असे सांगण्यात येते की, तो वापरल्याने तापमानवाढीचे पाप धुऊन निघेल आणि धुता धुता नफाही पदरी पडेल.

या दुसऱ्या विधानाचा येथे विचार करावयाचा आहे. त्यातील रसायनशास्त्राचा भाग तज्ज्ञांचा. तो आम्ही त्यांच्याकडूनच घेतो. परंतु केलेल्या हानीची भरपाई झाली असे केव्हा म्हणता येते, हा प्रश्न रसायनशास्त्राचा नव्हे. तो नीतीचा आहे आणि बऱ्याच अंशी हिशेबाचा आहे. सरकारी सेवेत आयुष्य गेल्यामुळे आमचा ओढा साहजिकच हिशेबाकडे अधिक.

प्रथम वजनाची गोष्ट घेऊ. कार्बनचा अणुभार १२ आणि ऑक्सिजनच्या दोन अणूंचा मिळून ३२. म्हणून एक टन कार्बन जळाला की ३.६७ टन कर्बवायू तयार होतो. कचरा मूळ मालाच्या साडेतीन पटींहून अधिक जड, असा हा विलक्षण व्यवहार आहे. कोळसा, तेल आणि नैसर्गिक वायू या इंधनांच्या व्यापाराएवढा प्रचंड व्यापार मनुष्यजातीने दुसरा केलेला नाही, आणि त्यांचा कचरा त्यांच्याहूनही जड. तो सारा विकत घेईल अशी बाजारपेठ कोठून आणावयाची? जगात २०२४ साली खनिज इंधनांपासून सुमारे ३,७०० कोटी टन कर्बवायू हवेत गेला. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०१९ च्या अहवालाप्रमाणे जगातील सर्व उद्योग मिळून या वायूचा वापर करीत होते तो वर्षाला सुमारे २३ कोटी टन. त्यातला निम्म्याहून अधिक युरियात जात होता आणि सुमारे एक तृतीयांश जुन्या तेलविहिरींतून उरलेसुरले तेल वर ढकलण्यासाठी! जगात लागणारे सगळे मिथेनॉल, वर्षाकाठी साधारण ११ कोटी टन, उद्यापासून या वायूपासूनच बनवावयाचे ठरविले तरी त्यात १५ कोटी टन वायू खपेल. म्हणजे हजारातले चार भाग.

हाच हिशेब आमच्या मध्य प्रदेशातील एका उदाहरणावरून अधिक स्पष्ट होईल. सिंगरौली जिल्ह्यातील विंध्याचल औष्णिक विद्युत् केंद्र हे ४,७६० मेगावॉट क्षमतेचे, देशातले सर्वांत मोठे. तेथे एनटीपीसीने धुराड्यातून दिवसाला २० टन कर्बवायू पकडणारी यंत्रणा २०२२ मध्ये उभारली, आणि त्या वायूपासून मिथेनॉल तयार केल्याचे २०२४ मध्ये जाहीर झाले. मिथेनॉलच्या संयंत्राची क्षमता दिवसाला १० टन. भारतीय अभियंत्यांनी हे करून दाखविले याचा आम्हांला मनापासून आनंद आहे, आणि पुढील ओळी त्यांना उणे लेखण्यासाठी नाहीत. तथापि कोळशाच्या एका युनिट विजेमागे सुमारे एक किलो कर्बवायू बाहेर पडतो हे लक्षात घेतले, तर हे केंद्र पूर्ण भाराने चालत असता दिवसाला लाखभर टन वायू सोडते. दिवसभरात पकडलेले २० टन हे त्या धुराड्यांचे सतरा-अठरा सेकंदांचे काम आहे. प्रयोग म्हणून हे यथायोग्यच. प्रयोग लहानच असावा लागतो. परंतु प्रयोगाचे छायाचित्र जेव्हा धोरणाचे उत्तर म्हणून पुढे केले जाते, तेव्हा वीस आणि लाख हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिण्याची तसदी कोणी तरी घेतली पाहिजे.

दुसरी गोष्ट ऊर्जेची. कर्बवायू ही कार्बनची राखच म्हणावयाची. राखेचे पुन्हा सरपण करता येते, पण ते जळताना जेवढी ऊर्जा मिळाली तेवढी तरी परत द्यावी लागते आणि प्रत्यक्षात त्याहून पुष्कळ अधिक. झाडे हे काम सूर्याच्या भांडवलावर करतात. कारखान्याला वीज विकत घ्यावी लागते. एक टन मिथेनॉलसाठी सुमारे १.४ टन कर्बवायू आणि जवळजवळ १९० किलो हायड्रोजन लागतो. पाण्याचे विद्युत् विघटन करून एक किलो हायड्रोजन मिळवावयास ५० ते ५५ युनिट वीज खर्ची पडते. म्हणजे एका टनामागे सुमारे दहा हजार युनिट. आणि तयार झालेल्या मिथेनॉलमध्ये शेवटी जी ऊर्जा उरते ती साडेपाच हजार युनिटांइतकीच. ही दहा हजार युनिट कोळशाच्या विजेची असतील, तर ती बनविताना नऊ-दहा टन कर्बवायू हवेत जाईल, आणि तो कशासाठी, तर १.४ टन पिंपात भरण्यासाठी. असा व्यवहार कोणी करीत नाही, वीज सूर्याची किंवा वाऱ्याचीच वापरतात, असे उत्तर मिळते. ठीक. पण तीच दहा हजार युनिट सरळ विजेच्या जाळ्यात सोडली असती, तर तेवढी कोळशाची वीज बनवावी लागली नसती आणि नऊ-दहा टन वायू मुळात जन्मालाच आला नसता. ऐन दुपारी सौर वीज जाळ्यात मावत नाही तेव्हाची गोष्ट वेगळी. वाया जाणाऱ्या विजेचे मिथेनॉल केले तर त्याला कोण नावे ठेवील? परंतु जोवर शेजारच्या धुराड्यातून कोळशाचा धूर निघतो आहे, तोवर चांगल्या विजेचे पहिले काम ते धुराडे थंड करणे हे होय. त्यातून निघालेल्या वायूची वस्तू करणे हे काम क्रमाने पुष्कळ मागचे आहे. नीतीमध्ये क्रमाला फार महत्त्व असते. घरात आग लागली असता कोळशापासून दंतमंजन बनविण्यात कोणी गुंतला, तर दंतमंजन उपयोगी असल्याने त्याचे वर्तन योग्य ठरत नाही.

आता आम्ही मुख्य मुद्द्याकडे येतो. सरकारी कोषागाराशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना ‘उचंत खाते’ ठाऊक असेल. एखादी रक्कम आली किंवा गेली, परंतु ती अखेर कोणत्या शीर्षाखाली घालावयाची हे ठरलेले नाही, अशा वेळी तिची नोंद तात्पुरती उचंत खात्यात करतात. असे खाते असण्यात काही गैर नाही. त्याच्यावाचून कामकाज चालणार नाही. गैर आहे ते उचंत खात्यातली रक्कम कायमची जमा समजून ताळेबंद मांडणे. ती रक्कम एक ना एक दिवस कोणत्या तरी शीर्षाखाली जावयाचीच असते, आणि बहुधा ती ज्याने नोंदविली त्याच्या बदलीनंतर जाते.

कर्बवायूपासून बनविलेल्या बहुतेक वस्तू म्हणजे अशी उचंत खाती आहेत. युरियाचेच पाहा. एक टन युरियात ७३० किलो कर्बवायू बांधला जातो. भारतातील शेतकरी वर्षाला साडेतीन कोटी टनांच्या आसपास युरिया वापरतो, म्हणजे अडीच कोटी टन कर्बवायू दरवर्षी गोण्यांत बंद होतो. केवढी मोठी सेवा! परंतु युरिया जमिनीत पडला की तेथील सूक्ष्मजीवांच्या विकरांमुळे काही दिवसांतच त्याचे विघटन होते; नत्र पिकाला मिळते आणि कर्बवायू आपल्या वाटेने हवेत जातो. शिवाय तो मुळात आला होता अमोनियासाठी वापरलेल्या नैसर्गिक वायूतून. म्हणजे जमिनीखालच्या कार्बनने हवेत जाताना वाटेत शेतात एक मुक्काम केला, इतकेच.

धुण्याच्या सोड्याची गोष्ट अशीच. तमिळनाडूत तूतुकुडी येथील एका कारखान्याने कोळशाच्या बॉयलरमधून कर्बवायू पकडून त्यापासून सोडा बनविण्यास २०१६ मध्ये आरंभ केला. क्षमता वर्षाला साठ हजार टन वायूची सांगितली गेली, आणि सरकारी अनुदानावाचून हे झाले म्हणून जगभर त्याचे कौतुक झाले. पण सोड्याचा एक मोठा गिऱ्हाईक म्हणजे काच कारखाना. तेथे भट्टीत वाळूबरोबर सोडा वितळला की काच तयार होते आणि कर्बवायू सुटतो. इंग्लंडात नॉर्थविच येथे टाटा केमिकल्सने २०२२ मध्ये वर्षाला चाळीस हजार टन वायू पकडणारी यंत्रणा सुरू केली. बडोदेकर वाचकांना या कंपनीचे मूळ ठाऊक असेल. १९३९ साली तिची स्थापना झाली ती गायकवाडांच्या राज्यातील ओखामंडळात, मिठापूर येथे. नॉर्थविचला या वायूपासून औषधी दर्जाचा खाण्याचा सोडा बनवितात. तो मूत्रपिंडाच्या रुग्णांना डायलिसिससाठी उपयोगी पडतो. तोच रुग्णाच्या रक्तातील आम्लता कमी करतो आणि त्यातला कार्बन अखेर श्वासावाटे बाहेर जातो. आमच्या घरी ढोकळ्याच्या पिठात घातलेला सोडा तर पंधरा मिनिटांतच हिशेब पूर्ण करतो. जर्मनीत डोर्मागेन येथे गाद्यांच्या फोमसाठी लागणाऱ्या द्रव्यात वीस टक्क्यांपर्यंत कर्बवायू मिसळण्याचा कारखाना २०१६ मध्ये निघाला. गादी दहा-पंधरा वर्षे टिकते, पुढे तिचे काय होते हे कचरा डेपोवर पाहावे. मिथेनॉल तर बहुशः जाळण्यासाठीच असते.

येथे एक खुलासा केला पाहिजे. यांतील एकही वस्तू निरुपयोगी आहे, असे आम्ही म्हणत नाही. पीक यावे, रुग्णाचे रक्त शुद्ध व्हावे, माणसाला चांगल्या गादीवर झोप लागावी, हे सारे इष्टच. आमची हरकत आहे ती ‘उपयोग’ आणि ‘परतफेड’ हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरण्याला. सावकाराकडून उचललेल्या पैशांत कोणी घरच्यांना वर्षभर सुखाने जेवू घातले, तर त्या जेवणाचे मोल खरेच असते. मात्र त्याने कर्ज फिटले असे होत नाही. हवेत गेलेल्या कर्बवायूचा मोठा भाग शेकडो वर्षे, आणि काही अंश तर हजारो वर्षे, तेथे राहतो. कर्ज इतक्या दीर्घ मुदतीचे आणि परतफेडीची नोंद पंधरवड्याची! आणि हे कर्ज फेडावयाचे आहे अशा माणसांना की ज्यांतली बहुतेक अजून जन्मली नाहीत, म्हणून तगादाही लावू शकत नाहीत.

याच टनाबद्दल दोघांनी श्रेय घेण्याचा प्रकारही होतो. वीज केंद्र म्हणते, आम्ही वायू सोडला नाही, विकला. त्यापासून केलेले इंधन जाळणारा म्हणतो, आमचे इंधन टाकाऊ वायूचे, सबब आमचा धूर शून्य. हवेला मात्र तो टन पुरता पोचलेला असतो. एकाच पावतीवर दोघांनी प्रवासभत्ता उचलावा, तशातला हा प्रकार.

आता विरुद्ध बाजू. तीही दुबळी नाही. असे विचारले जाईल की, तुम्ही निखळ प्रायश्चित्ताची अपेक्षा करीत बसाल, तोवर जग थांबेल काय? ज्या कामात कोणाचा लाभ नाही ते काम टिकत नाही. आम्ही स्वतः पाहिले आहे की, ज्या योजनेचा लाभधारक नाही तिचा फलक तेवढा उरतो. धुराड्यातून वायू पकडण्याचे तंत्र आज महाग आहे. तो विकून चार पैसे मिळाले तर तंत्र सुधारेल, स्वस्त होईल आणि उद्या खऱ्या साठवणीलाही तेच उपयोगी पडेल. नफा हे पाप नव्हे. सोडा बनविणाऱ्याने सोड्याबरोबर थोडे पुण्य जोडले, तर त्याला टोचून बोलण्याचे कारण काय?

या युक्तिवादातला तंत्रशिक्षणाचा भाग आम्हांला मान्य आहे. परंतु दोषातून उत्पन्न सुरू झाले म्हणजे काय होते, याचा एक जुना अनुभव आपल्या सर्व राज्यांच्या गाठीशी आहे. तो आबकारी खात्याचा. राज्यघटनेच्या सत्तेचाळिसाव्या अनुच्छेदात दारूबंदीच्या दिशेने प्रयत्न करण्याचा निर्देश आहे. त्याच वेळी दारूवरील कर हे बहुतेक राज्यांच्या तिजोरीचे मोठे आधारस्तंभ आहेत. याचा परिणाम असा की, व्यसनमुक्तीचा सप्ताह आणि ठेक्यांचा लिलाव ही दोन्ही कामे एकाच जिल्हाधिकारी कार्यालयातून चालतात, आणि त्यांत कोणाचा दुष्टपणा असतो असे नाही. उत्पन्नाची सवय लागली की दोष हळूहळू गरज होऊन बसतो. धुराड्याच्या वायूवर ज्यांचे कारखाने, कर्जे आणि नोकऱ्या उभ्या राहतील, ते उद्या धुराडे बंद करण्याच्या प्रस्तावावर काय म्हणतील? आपल्या नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालात २०५० पर्यंत वर्षाला ७५ कोटी टन वायू पकडण्याचे उद्दिष्ट मांडले आहे. त्यातला किती जमिनीत पुरावयाचा आणि किती विकावयाचा, या प्रमाणावर पुढच्या पिढीचे राजकारण अवलंबून राहील, असे आम्हांला वाटते.

मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात प्रायश्चित्ताचा विस्तृत विचार आहे. त्यातील अनेक गोष्टी आज स्वीकारण्याजोग्या नाहीत, हे उघड आहे. तथापि एक गोष्ट तेथे मार्मिकपणे सांगितली आहे. नुसत्या पश्चात्तापाने भागत नाही; पुन्हा असे करणार नाही हा निश्चय आणि त्याप्रमाणे निवृत्ती यांनीच मनुष्य शुद्ध होतो. दोष चालू ठेवून रोज त्याचे प्रायश्चित्त घेण्याची सोय धर्मशास्त्रकारांनाही सुचली नाही, आणि त्या प्रायश्चित्तावर नफा मिळविण्याची तर नाहीच नाही.

फुकटची, म्हणजे काहीही न देणारी परतफेड कशी असते, हे पाहावयाचे तर आइसलँडकडे पाहावे. त्या चिमुकल्या देशाने या प्रश्नाची दोन उत्तरे जवळजवळ एकाच वेळी दिली. स्वार्ट्सेंगी येथे भूगर्भातील उष्णतेवर चालणाऱ्या वीज केंद्राशेजारी २०१२ मध्ये मिथेनॉलचा कारखाना सुरू झाला. त्याला नोबेल पारितोषिक मिळविणारे रसायनज्ञ जॉर्ज ओलाह यांचे नाव दिले होते. क्षमता वर्षाला चार हजार टन मिथेनॉलची. त्याच कंपनीच्या तंत्रावर चीनमधील आनयांग येथे २०२२ मध्ये वर्षाला एक लाख दहा हजार टनांचा कारखाना उभा राहिला. तेथे हायड्रोजन मिळतो तो दगडी कोळशाचा कोक करताना निघणाऱ्या वायूतून, हेही नमूद केले पाहिजे. दुसरे उत्तर हेलिशेइडी येथले. तेथे कार्बफिक्स प्रकल्पात २०१२ मध्येच कर्बवायू पाण्यात विरघळवून, सोड्याच्या बाटलीत असतो तसा, खाली बेसाल्ट खडकात सोडण्यात आला. खडकातील कॅल्शियम, मॅग्नेशियमशी त्याचा संयोग होऊन त्याचा दगड होईल, अशी कल्पना होती. त्याला शतके लागतील असा अंदाज असताना, दोन वर्षांच्या आत पंच्याण्णव टक्के वायू दगड झालेला आढळला, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. हा दगड कोणी विकत घेत नाही. तो दिसतही नाही. त्याच्या उद्घाटनाला फीत कापावयाची तर ती कोठे बांधावी, हाही प्रश्नच! पण हिशेबाच्या दृष्टीने पाहिले तर नोंद उचंत खात्यातून उचलून योग्य त्या शीर्षाखाली गेली, असे या ठिकाणी म्हणता येते.

मग जे विकत नाही ते करावयाचे कोणी? नॉर्वेने याचे उत्तर १९९१ मध्येच दिले होते. तेथे समुद्रातील तेल-वायू उद्योगाच्या कर्बवायूवर कर बसला. हवेत सोडण्यापेक्षा पुरणे स्वस्त पडू लागले, तेव्हा १९९६ पासून स्लाइपनर क्षेत्रात उत्तर समुद्राच्या तळाखालच्या वाळूच्या खडकात वर्षाला सुमारे दहा लाख टन वायू पुरला जाऊ लागला. बाजाराने जे केले नसते ते कराने करवून घेतले.

आमचे माळव्याचे पठारही त्याच जातीच्या काळ्या दगडाचे आहे. सह्याद्रीपासून इंदूरपर्यंत पसरलेला दख्खनचा हा बेसाल्ट कर्बवायू पोटात घेईल काय, याचा अभ्यास आपल्याकडील शास्त्रज्ञ करीत आहेत. ही कल्पना मनाला मोहविते खरी. पण आइसलँडच्या रीतीने एक टन वायू पुरावयाला सुमारे पंचवीस टन पाणी लागते, आणि ज्या शहराला १९७८ पासून जलूदहून नर्मदेचे पाणी उचलून आणावे लागते, त्याला हे वाक्य समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

मात्र या विषयात एक जागा अशी आहे की जेथे आमचे मत निःसंशय ‘उपयोगा’च्या बाजूने पडते, आणि तिचे नाव भोपाळशी जोडलेले आहे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री तेथे जो मिथिल आयसोसायनेट सुटला, तो फॉस्जीन या विषारी वायूपासून बनविला जाई. फॉस्जीनचा उपयोग इतरत्रही होतो. पॉलिकार्बोनेट हे टणक पारदर्शक प्लॅस्टिक बनविण्याची रूढ रीत फॉस्जीनचीच. जपानच्या असाही कासेई कंपनीने फॉस्जीनच्या जागी कर्बवायू वापरणारी रीत शोधली आणि २००२ पासून तैवानात त्या रीतीचा कारखाना चालू झाला. तिने हवेतला कर्बवायू फारसा घटला नाही. पण तेवढ्या मालापुरता फॉस्जीन कोणाच्या वस्तीजवळ साठवावा लागला नाही. ज्यांनी ते भोपाळ पाहिले त्यांना यापेक्षा अधिक समर्थन नको. येथे वायूचा उपयोग करणाऱ्याने हवामानाच्या नावाने पुण्याचा दावा केला नाही तरी चालेल, त्याच्या पदरी दुसरे पुण्य आहे.

आणि भोपाळचा विषय निघालाच आहे म्हणून पिथमपूरचेही सांगतो. त्या कारखान्यात चाळीस वर्षे पडून राहिलेला ३३७ टन विषारी कचरा जानेवारी २०२५ मध्ये बारा वाहनांतून आमच्या इंदूरजवळच्या पिथमपूरला आणण्यात आला. लोक रस्त्यावर उतरले, न्यायालयांचे आदेश झाले, आणि जून २०२५ अखेर तो जाळून झाला. त्यात चुना वगैरे मिसळावे लागल्याने जी राख उरली ती वजनाने मूळ कचऱ्याहून अधिक भरली. ‘नष्ट केला’ हा शब्द वृत्तपत्रांनी सरसकट वापरला. पदार्थ नष्ट होत नाही, तो जागा आणि रूप बदलतो. म्हणून तो कोणाच्या दारात गेला, हेच विचारावयाचे असते. सिंगरौलीच्या बाबतीत हा प्रश्न आणखी टोकदार होतो. तेथली कित्येक कुटुंबे प्रथम रिहंद धरणाने उठविली, मग खाणींनी आणि वीज केंद्रांनी. २०२० मध्ये तेथल्या एका प्रकल्पाचा राखेचा बांध फुटून माणसे दगावली. धुराड्यातला कर्बवायू पकडला तरी ती राख, तो पारा आणि ती धूळ तेथेच राहतात. मिथेनॉल जहाजावर जाते. ‘टाकाऊतून टिकाऊ’ या घोषणेत टाकाऊ कोणाच्या अंगणात आणि टिकाऊ कोणाच्या घरात, हे दोन पत्ते लिहिलेले नसतात.

युरोपीय संघाने २०२३ च्या नियमांत या साऱ्याचा एक शहाणपणाचा तोडगा काढला आहे. वीज केंद्राच्या धुराड्यातून पकडलेल्या खनिज कर्बवायूपासून केलेले इंधन २०३५ अखेरपर्यंतच टळलेल्या धुराच्या हिशेबात धरले जाईल, आणि इतर उद्योगांच्या वायूपासून केलेले २०४० अखेरपर्यंत. त्यानंतर वायू हवेतूनच ओढलेला किंवा वनस्पतींतून आलेला असावा लागेल. धुराड्यावर धंदा उभारणाऱ्याला धुराड्याचे आयुष्य आधीच लिहून दिले, हे फार चांगले झाले. आपल्याकडे असे श्रेय देण्याचे नियम होतील तेव्हा त्यांतही तारीख असावी, एवढी मागणी आम्ही करू.

वनस्पतींतून आलेला वायू म्हणजे काय, याचे उदाहरण डेन्मार्कमधील कासो येथे आहे. तेथे २०२५ मध्ये वर्षाला ४२ हजार टन मिथेनॉलचा कारखाना सुरू झाला. त्यात वायू बायोगॅस केंद्रातला आणि वीज बव्हंशी शेजारच्या सौर क्षेत्राची. माल घेणाऱ्यांत जहाजांची मेर्स्क कंपनी आहे. जहाजाला तार जोडता येत नाही, म्हणून तेथे हे इंधन शोभतेही. आणि असा वायू आमच्या इंदुरातही निघतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये येथे दिवसाला ५५० टन ओल्या कचऱ्यापासून १७ टन सीएनजी तयार करण्याच्या क्षमतेचे केंद्र सुरू झाले. कचऱ्याच्या कुजण्यातून निघणाऱ्या वायूत साधारण चाळीस टक्के कर्बवायू असतो आणि सीएनजी करताना तो वेगळा काढावाच लागतो. पूर्ण क्षमतेने काम चालले तर तो दिवसाला पंचवीस-तीस टनांच्या घरात जाईल, म्हणजे विंध्याचलच्या त्या गाजलेल्या यंत्रणेएवढा किंवा किंचित अधिक. हा कार्बन दोडक्या-भोपळ्यांनी याच वर्षी हवेतून घेतलेला असल्याने तो परत गेला तरी देणे वाढत नाही, आणि त्याची वस्तू झाली तर त्यासाठी कोळशाचे एकही धुराडे चालू ठेवावे लागत नाही. या वायूचे पुढे काय करावयाचे, हा विषय दिल्लीचा नाही, सिंगरौलीचाही नाही. तो आमच्या महापालिकेच्या हद्दीतला आहे.